उलट्या अक्षरांची सवय

सोमवार, दिनांक ४

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता येथे प्रकृतीने ठीक आहोत. तुझ्या आईचे पंधरवड्याचे रक्त शुक्रवारी देऊन झाले. दोन तास बाकावर बसायचे आणि एक नळी रक्त देऊन परतायचे, हा क्रम चालूच आहे. हृदयात नवी झडप बसवलेल्या माणसाचे रक्त फार घट्ट होऊ देऊ नये आणि फार पातळही होऊ देऊ नये, हे मी तुला सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच कारणाने तू एवढा पसारा मांडलास.

प्राध्यापिकेला आणि एका कंपनीच्या संस्थापिकेला ‘टिंब’ म्हणू नये, असे तुझ्या आईचे मत आहे. जन्मलीस तेव्हा तू अनुस्वाराएवढी दिसत होतीस. पुढे तू मोठी झालीस. माझ्या तोंडचे नाव तेवढे मोठे झाले नाही. त्यास माझा इलाज नाही.

कंपनीचे पत्रक पोहोचले. कागद उत्तम, छपाई स्वच्छ, समास पुरेसे. मात्र ‘सूक्ष्म’ हा शब्द सात ठिकाणी आला असून सातही ठिकाणी त्यातला ‘सू’ ऱ्हस्व छापला आहे. सूक्ष्म वस्तू करणाऱ्यांनाही तो शब्द दीर्घच लिहावा लागतो. दुरुस्त केलेली प्रत सोबत जोडली आहे.

ते पत्रक मी बागेतल्या बाकावर निवृत्त पोस्टमनला दाखवले. त्याने चष्मा कपाळावर चढवून चित्र पाहिले आणि विचारले, “या रेघा कसल्या?”

“नाल्या आहेत. केसाहून बारीक.”

“म्हणजे पोरगी गटारं बांधते म्हणा की!”

“होय,” मी म्हणालो, “परंतु तिच्या गटारातून रक्ताचा एक थेंब जातो आणि तो किती वेळात गोठतो हे घरबसल्या कळते. तुमच्या गल्लीतल्या गटारातून काय कळते?”

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचले. तो कोणतीही गोष्ट दोनदा वाचत नाही, म्हणून मुद्दाम कळवतो.

मी चौथीनंतर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसलो. तू चौथीनंतर थांबली नाहीस. विद्यापीठात तू व्याख्यान दिलेस, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून सबंध तासात ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ एवढेच समजलो. परंतु जाताना तू फळा स्वतः पुसलास, हे मी पाहिले. चौदा विद्यार्थ्यांना डॉक्टरेट मिळवून दिल्यावर तू टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कंपनी थाटलीस. मी विचारले होते, पक्की नोकरी असताना हे दुकान कशाला? तू म्हणालीस, “बाबा, प्रबंध कपाटात राहतो. आईला प्रबंध टोचून रक्त तपासता येत नाही.”  

आता तुझ्या त्या नाल्यांच्या दोन हजार चिपांविषयी. शनिवारी फोनवर तुझा आवाज बसलेला होता. नव्या साच्यातून निघालेल्या सगळ्या चिपा डाव्याच्या उजव्या झाल्या, थेंब टाकण्याचे भोक भलत्या बाजूला आले आणि यंत्राचा प्रकाश कोऱ्या प्लास्टिकवर पडतो, हे मला समजले. उलटसुलट हा विषय मला समजावून सांगावा लागत नाही. रुग्णालयातली चाचणी चार महिने पुढे गेली, याचे वाईट वाटले.

साच्यासाठी ड्रॉइंग आरशातल्यासारखे उलटे करून पाठवायचे असते आणि ते करायला मायक्रो विसरले, असे तू म्हणालीस. मायक्रोंना मी एकदाच भेटलो आहे. सहा फूट दोन इंच उंचीच्या माणसाला तुमच्या प्रयोगशाळेने ‘मायक्रो’ म्हणावे, ही थट्टा मला आवडली होती. दारातून वाकून आत येताना त्यांनी तुझ्या आईच्या हातातली पिशवी आधी घेतली. आठ वर्षे ते तुझे विद्यार्थी होते, आता तुझ्याकडे ड्रॉइंगे काढतात. त्यांनी काढलेले मूळ ड्रॉइंग तू पुन्हा पाहिलेस काय? त्यांच्या हातून ते कसे निघाले आणि साचेकाराकडे कसे गेले, हे ताडून पाहिलेस काय?

दोन महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी तू आमच्या जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसली होतीस, तेव्हा

असो. पान संपत आले. आणखी एक गोष्ट लिहायची होती, ती पुढे केव्हातरी.

तुझी आई खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, “संपलं कुठं? अर्धं पान कोरं आहे की!”

तो समास आहे.

तुझा
बाबा

⁂

मंगळवार, दिनांक १२

चि. टिंबास,

आशीर्वाद. हे पत्र कुरियरने पाठवत आहे. ते बुधवारी दुपारपर्यंत तुझ्या हाती पडेल, असे त्या माणसाने छातीठोकपणे सांगितले आहे. गुरुवारच्या बैठकीपूर्वी ते वाचावेस, आणि एकटीने वाचावेस.

रविवारी फोनवर जे बोलणे झाले ते जसेच्या तसे उतरवतो. दुसऱ्याच्या वाक्यात फेरफार करू नये, हा आमच्या धंद्याचा नियम आहे.

तू म्हणालीस, “बाबा, गुंतवणूकदारांना एक नाव हवंय. मायक्रोनं स्वतःच कबूल केलंय, घाईत चुकलो असेन म्हणून. वाईट वाटतं, पण गुरुवारी त्याचं नाव सांगून मोकळी होते. राजीनामा घेऊ. हुशार आहे, कुठंही लागेल.”

मी विचारले, “तो ‘चुकलो’ म्हणाला की ‘चुकलो असेन’?”

“बाबा, आता व्याकरण नको हं!”

व्याकरण नको, हे मला मान्य आहे. परंतु त्या ‘असेन’मध्ये एका माणसाची अब्रू अडकलेली आहे. ज्याने चूक केली तो ‘चुकलो’ म्हणतो. ज्याला चूक केल्याचे आठवत नाही, पण जो आपल्या गुरूला खोटे पाडू शकत नाही, तो ‘चुकलो असेन’ म्हणतो.

आता तो रविवार. तू टेबलाशी बसली होतीस. मी तुझ्या उजव्या हाताला सफरचंद कापत होतो. फोन तू खांद्याने कानाशी धरला होतास आणि पलीकडे कोणी गुंतवणूकदार होते, कारण तू “नक्की सर, वेळेतच सर” असे म्हणत होतीस. पडद्यावर चिपेचे ड्रॉइंग मोठे करून ठेवलेले होते. त्याच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचे नाव आणि एक क्रमांक होता. प्रत्यक्ष चिपेवर ती अक्षरे धुळीच्या कणाएवढी असतात, असे तूच पूर्वी सांगितले होतेस. तू फोनवर तळहात ठेवलास, पुटपुटलीस, “हा मायक्रो बघा, उलटं करायचं विसरला,” आणि एक कळ दाबलीस. चित्र पान उलटल्यासारखे फिरले. ते तू साचेकाराकडे पाठवलेस आणि बोलणे पुढे चालू केलेस. सगळे मिळून सफरचंदाची एक फोड कापण्याइतका वेळ गेला. तुला ते आठवत नसावे, असे मी धरून चालतो.

पुढील वाक्य दोनदा वाच. तू कळ दाबण्यापूर्वी त्या कोपऱ्यातले नाव मला सहज वाचता आले होते, आणि तरीही ते उलटे होते.

याला पुरावा काय, असे विचारशील. तुझी आई. त्याच वेळी ती टेबल पुसत होती. कळ दाबण्यापूर्वी तिने पडद्याकडे पाहून विचारले, “हे कुठल्या भाषेत लिहिलंय गं?” कळ दाबल्यानंतर म्हणाली, “हां, आत्ता कळलं, कंपनीचं नाव आहे होय!” तू दोन्ही वेळा मान हलवलीस. मायक्रोंनी ड्रॉइंग उलटे करून, म्हणजे बिनचूक, पाठवले होते. तू ते पुन्हा उलटवलेस आणि सरळ केलेस. सरळ साच्यातून उलट्या चिपा निघाल्या.

एवढी हुशार प्राध्यापिका अशी कशी चुकली, याचे उत्तर तुझ्या कंपनीत कोणाला सापडणार नाही. ते माझ्यापाशी आहे. शाळेला सुटी असली की तू छापखान्यात माझ्या मांडीवर बसायचीस. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते. इतर मुले सरळ अक्षरे गिरवत होती, तेव्हा तू उलटी अक्षरे धडाधड वाचत होतीस आणि फोरमन इतरांना बोलावून तमाशा दाखवत असे. “जुळाऱ्याचं पोर जुळारीच,” असे तो म्हणे. तेव्हा माझी छाती फुगली होती. तुला आजही उलटे अक्षर अडत नाही. आणि जे अडत नाही ते सरळच असणार, अशी आपल्या डोळ्यांची समजूत होऊन बसते. दुसरा कोणताही माणूस त्या नावापाशी थबकला असता. तू थबकली नाहीस. ही खोड माझ्या मांडीवरून तुझ्याकडे आली.

साचा कापायला शुक्रवारी घेणार होते. म्हणजे माझ्या हाती पाच दिवस होते. मी का बोललो नाही, हा प्रश्न तू विचारण्यापूर्वी मीच लिहितो.

प्रथम मी स्वतःला असे सांगितले की, मी बोलू लागलो होतो. “अगं, ते आधीच” एवढे म्हणालो, तोच तू बोट वर करून म्हणालीस, “एक मिनिट, बाबा.” ते मिनिट अद्याप संपायचे आहे. मला राग आला. चौथी शिकलेल्याने प्राध्यापिकेच्या कामात तोंड घालू नये, असे मी मनाशी म्हणालो आणि सफरचंदाची बशी सरकवून उठलो. हे कारण मी कित्येक दिवस वापरले. ते सोयीचे आहे, परंतु खरे नाही.

खरे कारण असे. मी तुला ती चूक दाखवली असती, तर तू विचारले असतेस, “बाबा, तुम्हाला इतक्या चटकन कसं कळलं?” त्याचे उत्तर छत्तीस वर्षे मी घरात दिलेले नाही.

तू पाचवीत होतीस तेव्हा छापखान्यात खिळ्यांचे काम कमी होऊन फिल्मचे काम आले. शरीराची माहिती देणाऱ्या एका पुस्तकाची चित्रे माझ्याकडे होती. फिल्म छपाईच्या पत्र्यावर उलटी टेकवायची असते. एका फिल्मच्या कडेला ‘चित्र १२’ असे लिहिलेले होते, ते मला सहज वाचता आले. मी समजलो, सरळ आहे, उलटवली. ती आधीच उलटी होती. कडेचा आकडा कापण्यात गेला, नावे दुसऱ्या फिल्मवर होती, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. चार हजार पुस्तके छापून बांधून तयार झाली, तेव्हा मी एक प्रत हातात घेतली. त्या माणसाचे हृदय उजव्या बाजूला होते.

मी ते पुस्तक घेऊन मालकांकडे गेलो. ते म्हणाले, “तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंसुद्धा नसतं.” मी म्हणालो, “म्हणूनच आलो.” त्यांनी ते पान सगळ्या पुस्तकांतून काढून नवे घातले. आणि मला कामावरून उठवून जिन्याखालच्या टेबलावर मुद्रिते वाचायला बसवले. मशीनपाशी पाऊल टाकायचे नाही, अशी ताकीद होती. त्या संध्याकाळी घरी येऊन मी सांगितले की मला बढती मिळाली. तू टाळ्या वाजवल्यास. शाळेच्या निबंधात ‘माझे बाबा मोठे मुद्रितशोधक आहेत’ असे लिहिलेस, आणि मी त्या निबंधातल्या वेलांट्या तपासून दिल्या.

मालकांसमोर उभे राहणे मला जड गेले नव्हते. तुझ्यासमोर उभे राहणे जड गेले. तेच पुन्हा त्या रविवारी झाले.

हा मजकूर मी आत्ता तुझ्या आईला वाचून दाखवला. मला वाटले होते, तिला धक्का बसेल. ती म्हणाली, “मशीनवाल्याच्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं मला.”

“मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?”

“तुम्ही बढती म्हणून नवा सदरा शिवायला टाकला होता. म्हटलं, शिवून तरी येऊ दे.”

असे आहे. छत्तीस वर्षे तो सदरा शिवून येतच होता.

तू गुरुवारी काय बोलावेस हे मी सांगणार नाही. तुला बोलता येते. कंपनी तू उभी केलीस ती टायरचा वास सोसून, तीन वेळा भांडवलाचा अर्ज फेटाळला गेल्यावर चौथ्यांदा करून; कोणा एकाच्या नावावर चूक टाकली म्हणून ती टिकेल, इतकी ती लेचीपेची नाही. आणि आपली चूक आपण सांगितली म्हणून बुडेल, इतकीही नाही. हा माझा अनुभव आहे: चूक सांगितल्यावर माणसाला जिन्याखाली बसावे लागते, परंतु तेथेही उजेड येतो आणि काम करता येते.

मी बैठकीला येणार नाही. आज किंवा उद्या कोणाला काही कळवणार नाही. शुक्रवारी सकाळी मात्र मी मायक्रोंना पत्र लिहिणार आहे. त्यात काय लिहायचे, हे गुरुवारी तू ठरवशील.

तुझ्याविषयी तिळमात्र शंका नसलेला
तुझा बाप

⁂

शुक्रवार, दिनांक १५

श्री. मायक्रो यांस,

सप्रेम नमस्कार. मी आपल्या प्राध्यापिकेचा पिता. आपले खरे नाव मला ठाऊक आहे, परंतु या घरात आपला उल्लेख याच नावाने होतो, आणि प्रेमाने होतो, म्हणून तेच लिहिले. राग नसावा.

काल बैठकीत काय झाले, हे आपण तेथेच असल्याने मी सांगण्याची गरज नाही. मला मात्र ते फोनवरून कळले. दुपारी दोन वाजता माझी मुलगी म्हणाली, “बाबा, सांगितलं.” मी विचारले, कोण काय म्हणाले? ती म्हणाली, “एकानं विचारलं, यापुढं तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी म्हटलं, माझ्या एकटीवर ठेवूच नका.” यापुढे कोणतेही ड्रॉइंग आपल्या सहीवाचून साचेकाराकडे जाणार नाही आणि ती स्वतः त्यास हात लावणार नाही, असे ठरले, चिपांच्या उत्पादनाची व्यवस्था तिच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिली गेली, तिच्याकडे प्रयोगशाळा राहिली. हे सांगताना तिचा आवाज बसलेला नव्हता. दोन आठवड्यांत प्रथमच मला तिचा आवाज ओळखीचा वाटला.

तिने असेही सांगितले की, तिने क्षमा मागितल्यावर आपण “नाही मॅडम, मीही एकदा बघायला हवं होतं” असे म्हणालात. हे वाक्य आपण मागे घ्यावे. आपण पाहिले होते. आपले ड्रॉइंग बिनचूक होते. दोन आठवडे एका निर्दोष माणसाने स्वतःला दोषी मानले, आणि ते घडले ते केवळ तिच्यामुळे नव्हे.

तिने काल कबूल केले ते तिच्या वाट्याचे होते. माझ्या वाट्याचे तिने सांगितले नाही, कारण ते माझे आहे. ती कळ दाबली गेली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. चूक माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि मला ती तत्क्षणी कळली. साचा कापायला पाच दिवस होते. घरात फोन होता, तिचा क्रमांक मला पाठ होता. मी बोललो नाही. माझ्या एका जुन्या लपवलेल्या गोष्टीवर प्रकाश पडेल, एवढ्यासाठी मी दोन हजार चिपा वाया जाऊ दिल्या, रुग्णालयाला थांबवले आणि आपल्याला आरोपीच्या जागी उभे राहू दिले. माझ्या पत्नीलाही त्यापायी आणखी चार महिने त्या बाकावर बसावे लागेल. हे तिला मी सांगितले. ती म्हणाली, “बाकाची मला सवय आहे. त्या पोराला आधी लिहा.” म्हणून लिहीत आहे.

एका जुन्या कामगाराची सूचना आहे, पटल्यास घ्यावी. आपल्याला उलटे अक्षर वाचता येत नाही, असे मुलगी म्हणाली. हे ऐकून मला फार समाधान वाटले. ती विद्या कृपया शिकू नये. प्रत्येक ड्रॉइंग पाठवण्यापूर्वी, ज्याला उलटे वाचताना अडखळायला होते अशा माणसाला दाखवावे. तो अडखळला की पाठवावे. तो सहज वाचू लागला की थांबावे. तिच्यासारख्या आणि माझ्यासारख्या सराईत डोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

आपण राजीनामा लिहून खिशात ठेवला होता, असे कळले. तो फाडावा की द्यावा, हे सांगण्याचा मला हक्क नाही. दिलात तर जेथे जाल तेथे माझे हे पत्र दाखवावे. त्यात तारीख आहे आणि खाली माझी सही आहे. फाडलात तर एकदा आमच्याकडे या. दार बुटके आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे.

अशा पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहिण्याची रीत आहे. आयुष्यभर मी ते दोन शब्द लोकांच्या पत्रिकांत जुळवत आलो. येथे मात्र ते लिहिण्याचा अधिकार मला अद्याप मिळालेला नाही. तो आपण द्यावा किंवा न द्यावा. तूर्त एवढेच कळावे, की मी पाहिले होते आणि मी बोललो नाही.

आपला अपराधी
(स्वहस्ताक्षरात)